गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी हे बघा

एप्रिल लागला की आमच्या अकोल्यात गॅरेजवर रोज एकच वाक्य कानावर येतं. "भाऊ, एसीतला गॅस संपला वाटते, भरून द्या." पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळालाय, एवढाच त्याचा अर्थ. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम पाझरतात, तेवढं धरून चालायचं. पण यंदा भरला आणि दोन महिन्यांत पुन्हा गरम हवा यायला लागली, तर गळती न शोधता भरलेला तो गॅस फुटक्या माठात ओतलेल्या पाण्यासारखाच गेला. शिवाय गार न करणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये गॅस पुरता भरलेला असतो आणि दुखणं दुसरीकडेच असतं.

नुकतंच हे काम शिकायला लागलेल्या पोरांसाठी मी हे लिहितोय, आणि आपल्या गाडीचं दुखणं समजून घ्यायचंय अशा मालकांसाठीही. यातली निम्मी तपासणी घरी, पाना न लावता होते. बाकीची दाब मोजायचं गेज आणि नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप असलेल्यानेच करायची. पण ती कशी होते हे माहीत असलं, तर समोरचा माणूस काम नीट करतोय का हे तुम्हाला कळतं.

आधी माठ आठवा

माठातलं पाणी बाहेर पाझरतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. गाडीतही तेच घडतं, फक्त पाण्याऐवजी आर-१३४ए नावाचा द्रव असतो, यालाच आपण एसीचा गॅस म्हणतो. हवेच्या साध्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो कमी दाबाने शिरतो, तिथे उकळतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. तीच हवा गार होऊन जाळीतून तुमच्या तोंडावर येते.

आता त्याची वाफ झाली. ती पुन्हा द्रव व्हायला हवी. कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबल्यावर ती खूप तापते, आणि मग गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये वारा लागून तिची उष्णता बाहेर जाते आणि तिचा द्रव होतो. तो ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळला जाऊन एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक भोकातून पुन्हा कॉइलमध्ये येतो. म्हणजे एसी उष्णता आतून उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेर टाकायची जागा बंद झाली, तर आत गारवा येणार कुठून? ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की अर्धी निदानं सोपी होतात.

हात लावण्यापूर्वी

गाडी मोकळ्या जागी उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी तपासू नका, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. गळ्यातला गमछा, सैल बाही, हातातलं कडं काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही अचानक फिरतो, म्हणून त्याच्या पात्यांमध्ये हात कधीच घालायचा नाही. गॅसच्या नळीचं कुठलंही जोड चालू दाबात सैल करू नका. तो द्रव त्वचेवर उडाला तर भाजल्यासारखी जखम होते आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गेज लावताना चष्मा आणि हातमोजे हवेतच. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो, त्याच्या वायरी नारिंगी रंगाच्या असतात आणि त्यात तेलही वेगळं लागतं. त्या गाड्या प्रशिक्षण घेतलेल्यांकडेच द्या.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

"गार वाटत नाही" ही तक्रार झाली, मोजमाप नव्हे. टोकदार सळई असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. गाडी सावलीत लावा, काचा बंद करा, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू करा, तापमान सगळ्यात कमी आणि ब्लोअर पूर्ण ठेवा. सळई मधल्या जाळीत खोचा. कुणालातरी ॲक्सिलरेटर हलका दाबून इंजिन १५०० फेऱ्यांवर धरायला सांगा आणि दहा मिनिटं थांबा.

बाहेर ३५ अंश असताना जाळीत ७ ते ११ अंश आले तर एसी ठणठणीत आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत तीच गाडी जाळीत १३-१४ दाखवते, आणि कोकणात हवा दमट असल्याने ३२ अंशांतही आकडा थोडा वर राहतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. उन्हात चार तास तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या मोजलं तर काहीच कळणार नाही. आधी काचा उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या.

आता जाळीसमोर हात धरा. पुढची वाट इथूनच फुटते. वाराच कमी येतोय, की वारा भरपूर आहे पण तो गार नाही?

वाराच कमी येतो

बहुतेक वेळा हा केबिन फिल्टर असतो. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवला की फिल्टरचं झाकण दिसतं. बाहेर काढलेला फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. झटकून पुन्हा लावलेला फिल्टर फार दिवस टिकत नाही. लावताना त्यावरच्या बाणाची दिशा बघा. मालकाला त्याच्या गाडीत असा फिल्टर असतो हेच माहीत नाही, आणि पाच वर्षांत तो एकदाही काढलेला नाही, असं मी दर आठवड्याला बघतो.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर गप्प राहतो? मग ब्लोअरचा रेझिस्टन्स जळालाय. तो छोटा, स्वस्त भाग आहे, दोन स्क्रू आणि एक कपलर (वायरींचा जोड) काढून बदलता येतो. पण बदलताना ब्लोअरची मोटर हाताने फिरवून बघा. ती जड फिरत असेल तर जास्त करंट ओढून नवा रेझिस्टन्सही जाळेल. कुठल्याच नंबरवर ब्लोअर नसेल तर आधी फ्यूज बघा.

वारा आहे, गारवा नाही: मॅग्नेट लागतो का?

बोनेट उघडा. इंजिन चालू, ब्लोअर चालू, मग आत बसलेल्याला एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरकडून 'टक्' असा आवाज यायला हवा. आम्ही याला मॅग्नेट लागणं म्हणतो. पट्ट्यावरची पुली तर कायम फिरत असते. बघायची ती तिच्या पुढची चकती. मॅग्नेट लागला की चकतीही पुलीबरोबर फिरते आणि इंजिनाचा आवाज थोडा जड होतो. काही नव्या गाड्यांत मॅग्नेट नसतोच, कॉम्प्रेसर आतूनच कमी-जास्त होतो. तिथे 'टक्' ऐकायची वाट बघू नका.

मॅग्नेट लागत नसेल तर क्रमाने जा. आधी एसीचा फ्यूज. मग रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा छोटा स्विच. बोनेटखालच्या डब्यात हॉर्नचा रिले बहुधा त्याच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. एसी लागला आणि हॉर्न बंद पडला, तर रिले गेलाय. मग मॅग्नेटला जाणाऱ्या कपलरवर मल्टीमीटर लावा. बटण दाबल्यावर तिथे बॅटरीइतके, म्हणजे १२ व्होल्टच्या वर येत असतील आणि तरीही चकती ओढली जात नसेल, तर दोष मॅग्नेटमध्येच आहे. मॅग्नेटच्या आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. कॉइल ठीक असेल तर फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) चकती आणि पुलीमधली फट मोजा. ०.३ ते ०.६ मिलिमीटरपर्यंत ती चालते. झिजून फट वाढली की मॅग्नेट सकाळी थंड असताना लागतो आणि इंजिन तापल्यावर लागेनासा होतो. अशा गाड्यांत चकतीखालची बारीक शिम (वॉशरसारखी पातळ पत्री) काढून फट कमी केली की नवा कॉम्प्रेसर घ्यावा लागत नाही. हे काम शिकून घ्या, गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात.

कपलरवर व्होल्टेजच येत नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम अडवतोय. नळीवर प्रेशर स्विच असतो. आत दाब साधारण २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली गेला तर कॉम्प्रेसर तेलावाचून जाम होऊ नये म्हणून तो मॅग्नेट लागू देत नाही. इंजिन फार तापलं असेल तरी कॉम्प्युटर एसी बंद ठेवतो, म्हणून तापमानाचा काटा बघायला विसरू नका. आणि पार्किंगमधले उंदीर! कुरतडलेली वायर हे एसी बंद पडण्याचं इतकं नेहमीचं कारण आहे की मी आता वायरिंगवरून टॉर्च फिरवल्याशिवाय दुसरं काही उघडतच नाही. प्रेशर स्विचला वायर जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणारे लोक आहेत. गॅस नसताना तेलही फिरत नाही, आणि कॉम्प्रेसर काही मिनिटांत खराब होऊ शकतो. तसं करू नका.

मॅग्नेट लागतो, तरी गरम: गाडीचं नाक बघा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोटच्या बाजूने एक काका छोटी हॅचबॅक घेऊन आले. कापूस पिंजायच्या जिनिंगवर त्यांचं रोजचं येणं-जाणं. रस्त्याला लागली की गाडी गार करायची, गावात शिरली, सिग्नलला थांबली की गरम. दुसरीकडे एका हंगामात दोनदा गॅस भरून झाला होता. दर वेळी चार-आठ दिवस बरं वाटायचं.

चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, हे ऐकलं की आधी वाऱ्याचा विचार करायचा. पळणाऱ्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. मी एसी लावला, पंखा लगेच फिरला. जाळीत १९ अंश. मग बाटलीतलं पाणी ग्रिलमधून हळूहळू कंडेन्सरवर सोडलं. काका आत बसून आकडे वाचत होते: सतरा, चौदा, अकरा. पाणी थांबवलं, पाच मिनिटांत पुन्हा अठरा. गॅस होता, कॉम्प्रेसर जोरात होता, कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नव्हती.

बंपर उतरवला. कंडेन्सर समोरून स्वच्छ. पण रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या बोटभर फटीत टॉर्च मारला, तर तिथे राखाडी रंगाची जाड गादी बसलेली. जिनिंगची रुई, त्यावर धूळ, त्यावर पावसाळ्यातला चिखल, सगळं थापून वाळलेलं. रेडिएटर थोडा मागे सरकवून ती गादी हाताने सोलून काढली, मऊ ब्रश मारला आणि बागेच्या नळीने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारलं. गॅसचा थेंब भरला नाही. जाळीत १० अंश.

ही पाण्याची परीक्षा तुम्हीही घरी करू शकता. पाणी टाकल्यावर गारवा लक्षात येण्याइतका वाढला तर आधी पंखा आणि कंडेन्सर बघा. पंखा फिरत नसेल तर त्याचा फ्यूज, रिले, कपलर आणि शेवटी मोटर. कंडेन्सर धुताना प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका, त्याची पातळ पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. विदर्भात रुई, मराठवाड्यात धूळ. कोकण-गोव्यात खारी हवा, ती ॲल्युमिनियमची पातीच खाऊन टाकते. बोट लावलं की भुगा होऊन पडतात. तिथे धुऊन भागत नाही, कंडेन्सर बदलावा लागतो.

नळ्यांना हात लावून बघा

एसी दहा मिनिटं चालल्यावर डॅशबोर्डच्या मागे इंजिनाच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन नळ्या शोधा. एक अंगठ्याएवढी जाड, एक करंगळीसारखी बारीक. जाड नळी थंडगार आणि घामेजलेली असायला हवी, उन्हाळ्यात रसवंतीवरच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तशी. बारीक नळी कोमट ते गरम. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीला मात्र हात लावू नका, चटका बसतो.

जाड नळी नुसती गारसर, घाम नाही, आणि मॅग्नेट दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच तापमानाच्या असतील तर गॅस जवळजवळ गेलेला आहे किंवा कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. आणि जाड नळी घामेजलेली, एकदम गार, पण जाळीतून गरम हवा येत असेल तर गॅसच्या वाटेत काही बिघडलेलं नाही. हीटरकडची झडप उघडी अडकलीय. तापमानाचं बटण थंडकडून गरमकडे फिरवा आणि डॅशबोर्डला कान लावा. झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात तुटले असतील तर 'टिक-टिक-टिक' ऐकू येतं. हे न बघता गॅस भरून घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

अर्धा तास गार, मग गरम

लांबच्या प्रवासात ही तक्रार येते. नागपूरला जाताना मूर्तिजापूरपर्यंत छान, पुढे गरम. तेव्हा माझा एकच प्रश्न असतो: गारवा गेला तेव्हा वाराही कमी झाला का?

वारा कमी झाला असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर चालवा, बर्फ वितळेल आणि वारा परत येईल. कारण बहुधा कॉइलमध्ये खोचलेला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, जागेवरून सुटलेला किंवा खराब झालेला असतो. कॉइल गोठायच्या बेतात आली की कॉम्प्रेसर बंद करायला सांगणं हे त्याचं काम. तुंबलेल्या फिल्टरनेही हेच होतं.

वारा तेवढाच, पण गारवा गेला, आणि थोडं थांबल्यावर आपोआप परत आला, तर गॅसमध्ये पाण्याचा अंश आहे. एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक भोकाशी तो गोठतो आणि वाट बंद करतो. अशी गाडी दाखवते की मागच्या माणसाने व्हॅक्यूम नीट केला नव्हता.

गेज लावल्यावर

बोनेटखाली नळ्यांवर दोन टोप्या दिसतील, एकीवर एल (लो, कमी दाबाची बाजू), दुसरीवर एच (हाय, जास्त दाबाची बाजू). निळा होज एलला, लाल होज एचला. दोन्हींचे माप वेगळे ठेवलेत, उलटे बसतच नाहीत. गॅसचा डबा कधीही लाल बाजूला जोडून चालू गाडीत उघडू नका. तिकडचा दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो.

गाडी बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात. ३० अंशांच्या हवेत सुमारे ९७ पीएसआय, ४० अंशांत सुमारे १३३. शिकाऊ पोरं इथे एक चूक हमखास करतात: काटा ९७ वर दिसला की "गॅस फुल आहे" म्हणतात. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तेवढाच दिसतो, मग तो १०० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम. सिलिंडरमधला गॅस हलवून बघण्याऐवजी नुसता दाबावरून ओळखायला जाण्यासारखं आहे ते. बंद गाडीतला दाब एवढंच सांगतो की आत काहीतरी आहे.

चालू गाडीत ३५ अंशांच्या आसपास लो साइड ३० ते ४०, हाय साइड २०० ते २४० पीएसआय मिळायला हवं. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला वारा नाही, किंवा गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा राहिलीय. लो जास्त आणि हाय कमी, दोघं एकमेकांकडे सरकलेत आणि इंजिन रेस केल्यावरही फारसे हलत नाहीत, तर कॉम्प्रेसर आतून गेलाय. लो साइड शून्याच्या खाली जात असेल तर एक्स्पान्शन वॉल्व चोक. एकच आकडा सुटा कधी वाचू नका. बाहेरचं तापमान, जाळीतलं तापमान आणि दोन्ही काटे, असे चार आकडे शेजारी लिहून मगच बोला.

गळती शोधताना घाई नको

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलावा सुटतो, त्यावर धूळ चिकटते. म्हणून आधी डोळे, मग यंत्र. प्रत्येक जोडाभोवती, कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी, आणि कंडेन्सरच्या खालच्या भागात, जिथे रस्त्यावरचे खडे लागतात, काळपट तेलकट डाग शोधा. बाकी कंडेन्सर कोरड्या मातीचा आणि एकाच कोपऱ्यात रुपयाएवढा ओलसर डाग, असं दिसलं की तिथे बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर जागा सापडली. गेज लावायच्या टोप्यांखालच्या वॉल्ववर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. ट्यूबच्या वॉल्वसारखाच तो असतो, आणि तोच गळतोय हे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

डाग दिसला नाही तर नायट्रोजन भरून दाब धरायचा आणि साबणाचा फेस लावायचा. गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका. त्यात पाणी असतं, आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए एकत्र आले तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन तर चुकूनही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. बारीक गळतीला चमकणारा रंग टाकून गाडी काही दिवस चालवायला सांगतात आणि मग निळ्या-जांभळ्या टॉर्चने बघतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असल्याने तिची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीपाशी लीक डिटेक्टर धरायचा. कॉइलच गळते हे असं दाखवल्याशिवाय कुणालाही डॅशबोर्ड खोलू देऊ नका. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा खडखड न करता बसवायला फार कसलेला हात लागतो.

सिस्टिम उघडली की जोडांवरचे ओ-रिंग (गोल रबरी सील) नवे, एसीच्या गॅसला चालणारेच टाका. पाण्याच्या नळाचे वॉशर इथे टिकत नाहीत. ड्रायरही बदला. त्यातले दाणे ओलावा शोषतात आणि उघड्या हवेत राहिले की भरून जातात.

कॉम्प्रेसर फुटला असेल आणि तेलात चंदेरी चुरा दिसत असेल तर नुसता कॉम्प्रेसर बदलणं फुकट. चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांमध्ये अडकतो, धुऊन पुरता निघत नाही, आणि नवा कॉम्प्रेसरही घेऊन जातो. कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन वॉल्व बदलून बाकी नळ्या फ्लश कराव्या लागतात. हे बिल मोठं होतं हे मला माहीत आहे. पण अर्धं काम करून तेच बिल सहा महिन्यांत दुसऱ्यांदा भरलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो.

व्हॅक्यूम, आणि मग वजन

नळ्यांतली जवळजवळ ९७ टक्के हवा ओढून काढली की पाणी २५ अंशांनाच उकळतं. व्हॅक्यूम करतो तो याचसाठी. पंप किमान अर्धा तास, सिस्टिम उघडी राहिली असेल तर पाऊण तास चालू द्या. मग वॉल्व बंद करून पंप थांबवा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्यावर नजर ठेवा. काटा वर सरकला तर गळती अजून आहे. पाच मिनिटं पंप लावून गॅस सोडणारा माणूस वेळ वाचवतो, आणि त्याची किंमत तुमचा कॉम्प्रेसर चुकवतो.

किती गॅस भरायचा हे बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. छोट्या हॅचबॅकला बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम. सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवून तेवढाच भरायचा. "अजून थोडा मारतो, जास्त गार होईल" हे चुकीचं आहे. जास्त झालेला द्रव कंडेन्सरमधली जागा अडवतो, दाब चढतो आणि गारवा उलट घटतो. आत किती शिल्लक आहे हे माहीत नसताना वरून थोडा भरणं हा अंदाजाचा खेळ आहे. म्हणून उरलेला आधी मशीनने काढून घेणं चांगलं. तो हवेत सोडू नका. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवतो, आणि म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारतानेही तो करार २०२१ मध्ये स्वीकारला. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. त्याचे जोड वेगळे, तो थोडा ज्वलनशीलही आहे. स्टिकरवर जो लिहिलाय तोच भरायचा.

गॅसचं सिलिंडर सीलबंद आणि खात्रीच्या दुकानातलंच घ्या. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत-कंटेनरमध्ये बनावट आर-१३४ए भरला गेला. त्यातलं मिथाइल क्लोराइड ॲल्युमिनियमशी गाठ पडून स्फोट झाले आणि माणसं दगावली. स्वयंपाकाचा गॅस एसीत भरणारेही कुठे कुठे भेटतात. गार तो करतो, पण कॉइल गळली की तो थेट केबिनमध्ये, तुमच्या मुलाबाळांच्या मधोमध येतो.

वास, पाणी, आवाज

एसी लावल्यावर कुबट वास आला तर ओल्या कॉइलवर बुरशी आहे. फिल्टर बदला, आणि घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, कॉइल सुकते. गाडीखाली पाणी ठिबकतंय तर ते चांगलंच, हवेतला ओलावा बाहेर पडतोय. तेच पाणी डाव्या सीटच्या पायाशी गालिच्यात दिसलं तर पाण्याची नळी मातीने तुंबलीय, खालून हलक्या हाताने मोकळी करा. मात्र ते बोटाला चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर ते कूलंट आहे, हीटरची कॉइल गळतेय.

घरघर एसी बंद असतानाही येत असेल तर पुलीचं बेअरिंग. एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसर आतून. आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवत जा, तेल फिरतं, सील ओले राहतात.

काम झालं की आम्ही बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतो. तुम्ही करून घ्याल तेव्हा मागून घ्या. त्या रुईवाल्या काकांची गाडी यंदा पुन्हा आली, या वेळी खरंच गळती होती. आता तिच्या बोनेटखाली लिहिलंय: "१२ एप्रिल. बाहेर ४१, जाळीत ११. लो ३८, हाय २५०. कंडेन्सरच्या वरच्या जोडाचं ओ-रिंग आणि ड्रायर बदलला. व्हॅक्यूम ४५ मिनिटं. गॅस ४२० ग्रॅम."